कोणती कादंबरी वाचू?

शाळेच्या ग्रंथालयाचे कपाट उघडले, की त्याच्याभोवती मुलांची गर्दी होते. कोणाला प्रेमाची व कौटुंबिक जिव्हाळ्याची कथा हवी असते, कोणाला मांत्रिकांच्या राज्यात जायचे असते, तर कोणाला भविष्यकाळातील विचित्र नगरींची हकीगत वाचायची असते. हात मात्र बहुधा सर्वांत रंगीत मुखपृष्ठाकडे वळतो. मग पुस्तक घरी नेऊन उघडावे, तो पुष्कळदा ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ असा अनुभव येतो!

इकडे घरातील वडील माणसे विचारतात, “अरे, या खोट्या गोष्टी वाचून काय मिळणार?” मुलांनो, हा प्रश्न रागाने झटकून टाकण्यासारखा नाही. त्याचे उत्तर देता आले पाहिजे. त्यासाठी आपण तीन निरनिराळ्या प्रकारच्या कादंबऱ्यांचा परिचय करून घेऊ. तिन्ही कादंबऱ्या अमेरिकेतील लेखिकांनी लिहिलेल्या आहेत.

पहिली कादंबरी ‘लिटल विमेन’. लुइझा मे अल्कॉट यांनी तिचा पहिला भाग १८६८ मध्ये व दुसरा १८६९ मध्ये प्रसिद्ध केला. प्रसिद्ध कवयित्री शांता शेळके यांनी ती ‘चौघीजणी’ या नावाने मराठीत आणली आहे. मेग, जो, बेथ व एमी या चार बहिणींची ही कथा. अमेरिकेत यादवी युद्ध चालू आहे, वडील सैन्याबरोबर दूर गेले आहेत, आणि घरात पैशाची चणचण आहे. वडील आजारी पडल्याची तार येते. आईच्या प्रवासखर्चाला हातभार लागावा म्हणून जो आपले लांबसडक केस कापून विकते आणि पंचवीस डॉलर आईच्या हाती ठेवते. दिवसा ती हसते. रात्री मात्र अंथरुणात तोंड लपवून त्या केसांसाठी रडते. त्याग करणाऱ्यालाही दुःख होते, हे लेखिकेने किती सहज दाखविले आहे!

शेजारी राहणारा लॉरी हा या बहिणींचा, आणि विशेषतः जोचा, जिवलग मित्र. पहिला भाग वाचून झाल्यावर अनेक वाचक मुलींनी लेखिकेला पत्रे लिहिली, की जो आणि लॉरी यांचे लग्न झालेच पाहिजे. अल्कॉट यांनी ते मानले नाही. दुसऱ्या भागात लॉरी जोला मागणी घालतो, आणि जो ती नाकारते. लॉरी तिला प्रिय आहे; परंतु ती प्रीती मैत्रीची आहे, हे ती ओळखते. श्रीमंत घर, चांगल्या स्वभावाचा मुलगा, सर्वांची इच्छा, एवढे सारे अनुकूल असताना आपल्या मनाला साक्ष ठेवून ‘नाही’ म्हणणे सोपे नसते. प्रेमकथा म्हणजे केवळ गोड शेवट नव्हे, हे येथे कळते.

दुसरी कादंबरी अद्भुतरम्य आहे. तिचे नाव ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’. लेखिका अर्सुला के. ल ग्विन, प्रकाशनवर्ष १९६८. मांत्रिक म्हटला की पांढऱ्या दाढीचा म्हातारा डोळ्यांसमोर येतो. ल ग्विन यांच्या मनात प्रश्न आला, की हे मांत्रिक लहानपणी कसे असतील? ते आपली विद्या कोठे शिकले असतील? या प्रश्नातून असंख्य बेटांचे एक जग जन्मास आले, आणि त्यात मंत्रविद्येची शाळाही आली. तुमच्यापैकी अनेकांना हॅरी पॉटरची शाळा ठाऊक असेल. तिची पहिली कथा १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे ही शाळा तिच्याहून २९ वर्षांनी जुनी!

गेड हा डोंगराळ बेटावरील शेळ्या राखणारा मुलगा. त्याची बुद्धी विलक्षण, परंतु गर्वही तसाच. या जगात वस्तूचे खरे नाव ज्याला ठाऊक, त्याची तिच्यावर सत्ता चालते. तथापि शक्तीबरोबर जबाबदारीही येते. एके ठिकाणी केलेल्या बदलाचा परिणाम दूरच्या ठिकाणी उमटतो. गुरुजन हे वारंवार सांगतात. पण एका सहाध्यायाने डिवचताच गेड ईर्ष्येला पेटतो, आपल्या शक्तीबाहेरचा मंत्र म्हणतो, आणि अंधारातून एक भयानक छाया बाहेर पडते. तिला ज्या दारातून वाट मिळाली, ते दार बंद करताना शाळेच्या वृद्ध प्रमुखांना प्राण गमवावे लागतात.

ती छाया गेडचा पाठलाग करते. तो बेटामागून बेटे ओलांडून पळतो. पण पळण्याने सुटका होत नाही. शेवटी त्याचा जुना गुरू त्याला सांगतो, की आता मागे वळ आणि तिच्याकडे तोंड कर. पळणारा गेड मग शोध घेऊ लागतो. त्याला काय सापडते, ते तुम्हीच वाचा. आपल्या हातून घडलेली चूक दुसऱ्याच्या माथी मारून पळावेसे कोणाला वाटत नाही? म्हणूनच हा मांत्रिक आपल्याला परका वाटत नाही.

तिसऱ्या प्रकारच्या कादंबऱ्यांत असा समाज रंगविलेला असतो, की जो वरून सुखी व व्यवस्थित दिसतो, परंतु आतून माणुसकीला पारखा झालेला असतो. या प्रकाराला डिस्टोपिया म्हणतात. लोइस लाउरी यांची ‘द गिव्हर’ ही १९९३ ची कादंबरी या प्रकारची असून, १९९४ मध्ये तिला बालसाहित्यासाठी दिले जाणारे न्यूबेरी पदक मिळाले.

जोनास हा तिचा नायक तुमच्याच वयाचा आहे. त्याच्या गावात भूक नाही, भांडण नाही, युद्ध नाही. तेथे रंगही नाहीत, हिमवर्षाव नाही, डोंगर नाहीत. प्रत्येक कुटुंबाला दोनच मुले, आणि बारा वर्षे पूर्ण होताच प्रत्येकाचे काम वडीलमंडळ ठरवून देते. गतकाळाच्या आठवणी कोणालाच नाहीत. त्या सर्वांचे ओझे एकटा एक वृद्ध वाहतो. जोनासची निवड त्या आठवणी स्वीकारण्यासाठी होते. पहिली आठवण असते बर्फाच्या उतारावरून घसरगाडीतून भरधाव जाण्याची! पुढे ऊन येते, रंग येतात, आणि त्यांच्या मागोमाग वेदना व युद्धही येते. दुःख नको म्हणून ज्यांनी आठवणी टाकून दिल्या, त्यांचा आनंदही त्यांच्याबरोबर गेला, हे जोनासला उमगते.

या कथेमागे एक खरा प्रसंग आहे. लाउरी यांच्या वडिलांची स्मृती वार्धक्यात क्षीण झाली होती. त्यांची थोरली मुलगी तरुणपणीच वारली होती. तिचे छायाचित्र पाहून त्यांनी तिला ओळखले. पण तिचे पुढे काय झाले, हे मात्र त्यांना आठवेना. दुःख विसरणे सुखाचे खरे. पण ते हिताचे आहे काय? हा प्रश्न लेखिकेच्या मनात घर करून राहिला. या कादंबरीतील एक प्रसंग फार कठोर आहे. तो वाचून मन व्याकूळ झाले, तर घरातील मोठ्या माणसाशी अवश्य बोला.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे वळू. जो, गेड आणि जोनास ही माणसे कधी जन्मली नाहीत. मंत्र खोटे, छाया खोटी, रंगहीन गावही खोटे. पण प्रत्येक कथेत एक क्षण असा येतो, की जेव्हा नायकाला एकट्यालाच निर्णय घ्यावा लागतो. तो निर्णय खोटा नसतो. ‘नाही’ म्हणावे की मन मारावे, पळावे की सामोरे जावे, दुःखासह सत्य घ्यावे की सुखात अजाण राहावे, हे प्रश्न आज ना उद्या आपल्याही दारी येतात. ते येण्यापूर्वी त्यांची ओळख करून देणे, हे चांगल्या कादंबरीचे काम होय.

म्हणून पुस्तक निवडताना प्रथम त्याची दहा-बारा पाने शांतपणे वाचा. रस वाटला नाही, तर ते निःसंकोच परत करा. पूर्ण वाचलेत, तर ते मिटून स्वतःला विचारा, “त्याच्या जागी मी असतो, तर काय केले असते?” हा प्रश्न मनात रेंगाळला, तर पुस्तक तुमच्या मित्राला खुशाल द्या. आणि या पाठात तीन पुस्तकांची स्तुती केली आहे, एवढ्यावरूनच ती चांगली मानू नका. हीच कसोटी त्यांनाही लावा.

अभ्यास

१. जोने लॉरीची मागणी का नाकारली? तुम्हाला तिचा निर्णय पटतो का?
२. ‘पळणारा गेड मग शोध घेऊ लागतो,’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. जोनासच्या गावात काय काय नाही? त्यांतील कोणती उणीव तुम्हाला सर्वांत जाचेल, ते कारणासह लिहा.
४. तुम्ही वाचलेल्या एका कादंबरीला पाठातील कसोटी लावा व आपले मत दहा ओळींत लिहा.