फॉस्फेट येते कोठून? प्रवाळ-मत्स्यालयातील शोध आणि गावतळ्यासाठी धडा

खाऱ्या पाण्याचे प्रवाळ-मत्स्यालय पाहणाऱ्याला केवळ शोभेची वस्तू वाटते. वस्तुतः ती एक छोटी प्रयोगशाळाच होय. पाणी, खडक, वाळू, मासे, शैवाल आणि सूक्ष्मजीव यांचा देवघेवीचा व्यवहार तेथे अखंड चालू असतो आणि त्यात कोठे चूक झाली तर ती काही आठवड्यांतच दिसू लागते. खडकांवर हिरवे-तपकिरी केसाळ शैवाल चढते, काचेवर रोज थर धरतो, प्रवाळांची वाढ खुंटते. या दुखण्याच्या मुळाशी पुष्कळदा फॉस्फेट असते. ते कोठून येते हे शोधण्याची जी पद्धत मत्स्यपालकांनी व शास्त्रज्ञांनी सिद्ध केली आहे, ती गावचे तळे दरवर्षी हिरवे का पडते या प्रश्नालाही तितकीच लागू पडते.

फॉस्फेट आणि प्रवाळ

शेतकरी ज्याला स्फुरद म्हणून ओळखतो त्या मूलद्रव्याचे पाण्यात विरघळणारे रूप म्हणजे फॉस्फेट. ते विष नव्हे. प्रत्येक सजीवाला ते आवश्यक आहे. परंतु प्रवाळ ज्या उष्ण कटिबंधीय समुद्रांत वाढतात तेथील पाण्यात ते अत्यल्प, लिटरमागे मिलिग्रॅमच्या काही शतांश भागांइतके किंवा त्याहूनही कमी असते. ते वाढले की दोन अपाय होतात. एक, शैवाल झपाट्याने वाढून प्रवाळांची जागा बळकावते. दोन, प्रवाळ ज्या कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा रचतात त्याच्या स्फटिकांच्या वाढीत फॉस्फेट अडथळा आणते. ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफच्या एका भागात नत्र व फॉस्फेट सोडून केलेल्या प्रयोगात सांगाडा बनण्याचा वेग निम्म्याहून अधिक घटल्याचे १९७९ साली प्रसिद्ध झाले.

भारतात २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. मालवणच्या किंवा अन्य कोणत्याही किनाऱ्यावरून ते काढून आणणे हा गुन्हा ठरतो. म्हणून येथे विचार करावयाचा तो पद्धतीचा.

हिशेब मांडून पाहणे

शैवाल दिसताच बहुतेकांचा पहिला संशय पाण्यावर जातो. तो निराधार नसतो. ब्रिटन व अमेरिकेतील अनेक शहरांत नळांतील शिसे पाण्यात उतरू नये म्हणून पाणीपुरवठ्यात मुद्दाम फॉस्फेट मिसळतात. तथापि संशय आणि पुरावा यांत अंतर असते. ते साध्या गणिताने मोजता येते.

समजा, टाकीत ३०० लिटर पाणी आहे आणि माशांना रोज २ ग्रॅम कोरडे खाद्य घातले जाते. अशा खाद्यात साधारणतः १ टक्का स्फुरद धरले तर रोज २० मिलिग्रॅम स्फुरद, म्हणजेच सुमारे ६० मिलिग्रॅम फॉस्फेट टाकीत पडते. बाष्पीभवनाने उडणारे ३ लिटर पाणी रोज भरावे लागते आणि त्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फॉस्फेट आहे असे मानले, तर त्या वाटेने येते केवळ ३ मिलिग्रॅम. म्हणजे खाद्याचा वाटा पाण्याच्या वीसपट ठरतो. मात्र टाकी प्रथम भरताना तेच पाणी वापरले असेल, तर एका दिवसात ३०० मिलिग्रॅम फॉस्फेट आत येते. रोजची आवक आणि एकदाच झालेली आवक या दोन बाबी निरनिराळ्या मांडाव्या लागतात, त्या याचसाठी.

खाद्यातील सर्वच फॉस्फेट पाण्यात उरत नाही. काही माशांच्या शरीरात जाते, काही गाळणीत अडकते, काही शैवाल शोषून घेते. येथेच नवख्याची फसगत होते. टाकी शैवालाने भरलेली असूनही चाचणीत फॉस्फेट जवळजवळ शून्य दिसू शकते, कारण पाण्यात आलेले फॉस्फेट शैवालाने लगेच उचललेले असते. शिवाय नेहमीची चाचणी विरघळलेले असेंद्रिय फॉस्फेट तेवढे दाखवते. विष्ठा, कुजके खाद्य आणि मृत जीव यांत बांधलेले स्फुरद तिच्या नजरेस येत नाही.

एका वेळी एकच संशयित

हिशेबानंतर प्रत्यक्ष परीक्षा करावयाची. शुद्ध केलेल्या पाण्यात मीठ-मिश्रण विरघळवून ते काही स्वच्छ बादल्यांत समप्रमाणात घ्यावे. एका बादलीत काहीही घालू नये, ती तुलनेसाठी. दुसरीत टाकीतील खडकाचा तुकडा, तिसरीत वाळू, चौथीत गाळणीतील सक्रियित कार्बन ठेवावा. पाणी हलते ठेवून आठवडाभराने प्रत्येक बादलीतील फॉस्फेट मोजावे. तुलनेच्या बादलीतच फॉस्फेट आढळले तर दोष मिठाचा, पाण्याचा अथवा भांड्याचा. ती निर्दोष असून खडकाची बादली दोषी निघाली तर उगम सापडला.

खडक बहुधा कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि फॉस्फेट त्यांच्या पृष्ठभागाला चिकटते. पाण्यातील प्रमाण वाढले की खडक ते साठवतात, घटले की परत सोडतात. त्यामुळे पाणी बदलल्यावर चाचणी समाधानकारक येते आणि थोड्याच दिवसांत आकडा पूर्ववत होतो. मालकाला वाटते, पाणी बदलणे निरुपयोगी. प्रत्यक्षात जुने देणे हप्त्याहप्त्याने फिटत असते. अशा वेळी खाद्य आटोक्यात ठेवून लोह-ऑक्साइडयुक्त शोषक वापरणे व धीर धरणे हाच मार्ग असतो. तोही सावकाश अवलंबावा लागतो, कारण फॉस्फेट एकाएकी नाहीसे केल्यास प्रवाळांनाही इजा होते.

दोन सरोवरे, दोन उगम

हाच भेद दोन सरोवरांच्या इतिहासात मोठ्या प्रमाणावर दिसून येतो.

अमेरिकेतील सिएटल शहरालगतच्या वॉशिंग्टन सरोवरात १९४० नंतर काठावरील वस्त्यांचे शुद्धीकरण केलेले सांडपाणी सोडले जाऊ लागले. त्या शुद्धीकरणाने दुर्गंधी व घाण दूर होई, परंतु फॉस्फेट तसेच राही. १९५५ साली तेथे उपद्रवी नील-हरित शैवाल आढळले. प्राणिशास्त्रज्ञ एडमंडसन यांनी सरोवराचा पोषकद्रव्यांचा ताळेबंद मांडून धोका नागरिकांपुढे ठेवला. १९५८ साली मतदारांनी सांडपाण्याच्या संयुक्त योजनेला मान्यता दिली आणि १९६३ ते १९६८ या काळात सर्व सांडपाणी सरोवरापासून दूर वळविण्यात आले. १९६९ पर्यंत हिवाळ्यातील फॉस्फेट १९६३ च्या मानाने २८ टक्क्यांवर आले. नत्र त्या मानाने फारसे घटले नाही, तरीही शैवाल ओसरले. खरा उगम बाहेरचा होता. तो बंद होताच सरोवर सुधारले.

स्वीडनमधील ट्रुमेन सरोवराचा अनुभव वेगळा. तेथेही १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सांडपाणी बंद करण्यात आले. पण सरोवर सुधारले नाही. अनेक वर्षांचे स्फुरद तळाच्या गाळात साठून राहिले होते व ते पाण्यात परत येत होते. अखेर १९७० व १९७१ साली गाळाचा वरचा थर उपसून काढण्यात आला, तेव्हा पाणी निवळले. मत्स्यालयातील खडकाने जे केले, तेच येथे गाळाने केले.

गावतळ्याची तपासणी

गावतळे हिरवे पडले की पुष्कळदा शैवाल काढण्यासाठी किंवा औषध टाकण्यासाठी ग्रामनिधी खर्च होतो. पुढील उन्हाळ्यात तीच स्थिती पुन्हा येते. नील-हरित शैवालांच्या काही जाती विषारी असतात. असे पाणी प्यायल्याने गुरे दगावू शकतात. म्हणून खर्चापूर्वी उगमाचा शोध घेणे अगत्याचे ठरते.

त्यासाठी आवकेची यादी करावी : गटारांचे सांडपाणी, घाटावर धुतले जाणारे कपडे, गुरांचे शेण-मूत्र, शेतांतून वाहून येणारी माती व खत, निर्माल्य आणि तळाचा गाळ. प्रत्येक नाल्याचे पाणी तळ्यात मिळण्यापूर्वीच घ्यावे. पावसाळ्याच्या आरंभी, मध्ये आणि उन्हाळ्यात असे तीन वेळा नमुने घेतल्यास चित्र स्पष्ट होते. पावसात फॉस्फेट वाढले तर संशय शेतांवर व उकिरड्यांवर जातो. वर्षभर एकाच नाल्यात ते अधिक आढळले तर वस्तीच्या सांडपाण्यावर. सर्व नाले स्वच्छ असून उन्हाळ्यात तळाजवळचे पाणीच दोषी निघाले तर गाळावर.

या कामी माध्यमिक शाळांचे साहाय्य होऊ शकते. फॉस्फेटयुक्त पाण्यात आम्लयुक्त अमोनियम मॉलिब्डेट व ॲस्कॉर्बिक आम्ल मिसळले असता निळा रंग येतो. रंग जितका गडद तितके फॉस्फेट अधिक. विज्ञानशिक्षकाच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांना ही चाचणी करता येते. नमुन्याच्या बाटल्या साबणाने धुऊ नयेत, कारण त्यातूनच फॉस्फेट येण्याचा संभव असतो. अंतिम निर्णयापूर्वी मात्र शासकीय प्रयोगशाळेकडून खातरजमा करून घ्यावी.

उगम कळल्यावर उपाय ठरवणे सोपे जाते. सांडपाणी असेल तर ते वळवावे किंवा शोषखड्ड्यांत जिरवावे. शेतातील माती असेल तर बांधावर गवताचा पट्टा राखावा. गाळ असेल तर तो उपसावा. परंतु सांडपाणी चालू ठेवून गाळ काढणे, अथवा गाळ तसाच ठेवून सांडपाणी तेवढे थांबवणे, यांत खर्च होऊनही तळे हिरवेच राहण्याची भीती असते. ग्रामसभेपुढे तळ्याच्या कामाचे अंदाजपत्रक मांडताना त्यासोबत आवकेचा असा तक्ता जोडला, तर निधी नेमका कोठे खर्चावा हे सभासदांना स्वतः पारखून ठरवता येईल.