पट, काचनळी आणि न ऐकलेली व्याख्याने

जॉन कॉर्नफोर्थ यांचा जन्म १९१७ साली सिडनीत झाला. दहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांना ऐकायला कमी येते आहे, असे घरच्यांच्या लक्षात आले. कानातल्या हाडांचा हा विकार हळूहळू वाढत जातो. विशीत पोचेपर्यंत त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येईनासे झाले. याच तरुणाने पटाकडे न पाहता एकाच वेळी बारा जणांशी बुद्धिबळ खेळून ऑस्ट्रेलियातला त्या वेळचा विक्रम केला, आणि १९७५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिकही मिळवले.

रसायनशास्त्राची निवड मात्र बुद्धिबळामुळे झाली नाही. सिडनी बॉइज हायस्कूलमध्ये लेनर्ड बॅसर नावाच्या तरुण शिक्षकांनी त्यांना या विषयाची गोडी लावली. दुसरे कारण अगदी व्यवहारी होते: ऐकू न येणाऱ्या माणसाची ज्यात फारशी अडवणूक होणार नाही, असा व्यवसाय हवा होता. चौदाव्या वर्षापासून घरीच जुळवाजुळव करून उभारलेल्या प्रयोगशाळेत त्यांचे उद्योग चालू होते. आवड, घरातली खटपट आणि शरीराची मर्यादा या तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत होत्या. करिअर निवडताना इतका स्पष्ट कौल फार थोड्यांना मिळतो.

सोळाव्या वर्षी ते सिडनी विद्यापीठात गेले. व्याख्याने ऐकू येत नव्हती, म्हणून त्यांनी ग्रंथालय गाठले आणि मूळ शोधनिबंध वाचायला सुरुवात केली. त्या काळी सेंद्रिय रसायनशास्त्रातले बरेच लेखन जर्मनमध्ये असे, तेव्हा जर्मनही शिकावी लागली. पाठ्यपुस्तकातही चुका असतात, हे नोट्सवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला उशिरा कळते किंवा कळतच नाही. त्यांना ते पहिल्या काही वर्षांतच कळले. काच तापवून फुंकण्यात त्यांचा हात चांगला बसला होता. आपल्या काचसामानावर ते 'कप्पा' हे ग्रीक अक्षर कोरत, आणि मित्रमंडळींत तेच त्यांचे नाव होऊन बसले. रीटा हॅराडेन्स या सहाध्यायी विद्यार्थिनीच्या हातून एक फ्लास्क फुटला, तो कॉर्नफोर्थ यांनी जोडून दिला. ओळख तिथून वाढली. १९३७ साली ते पहिल्या वर्गात, विद्यापीठाचे पदक घेऊन उत्तीर्ण झाले. १९३९ साली ऑक्सफर्डला जाण्यासाठी '१८५१ प्रदर्शन' शिष्यवृत्ती मिळाली. या शिष्यवृत्त्या वर्षाला दोनच असत; दुसरी रीटा यांना मिळाली. दोघे वाटेत असतानाच महायुद्ध सुरू झाले. १९४१ साली त्यांचे लग्न झाले. पुढे आयुष्यभर रीटा त्यांच्या सहसंशोधक राहिल्या. संभाषण ओठांच्या हालचालींवरून किंवा कागदावर लिहून चाले.

ऑक्सफर्डचे त्यांचे मार्गदर्शक सर रॉबर्ट रॉबिन्सन हेही बुद्धिबळाचे पक्के शौकीन. १९१७ साली रॉबिन्सन यांनी ट्रोपिनोन हा रेणू तीन साध्या पदार्थांपासून एकाच भांड्यात बनवून दाखवला. धोत्र्यातल्या ॲट्रोपिनचा सांगाडा या ट्रोपिनोनचाच आहे. त्याआधी रिखार्ड व्हिल्श्टेटर या रसायनज्ञांना तेच साधायला पुष्कळ पायऱ्या चढाव्या लागल्या होत्या. रॉबिन्सन यांनी अखेरचा रेणू डोळ्यांसमोर ठेवला, तो मनातल्या मनात तोडला आणि तुकडे कोणते पडतात ते पाहिले. शेवटचा डाव मागून पुढे सोडवणाऱ्या खेळाडूला ही रीत परकी वाटणार नाही. डिसेंबर १९४४ मध्ये ब्लेचली पार्कच्या संघाविरुद्ध रॉबिन्सन ऑक्सफर्डकडून खेळले. युद्धकाळातले सांकेतिक संदेश उलगडणारी मंडळी समोर होती, आणि आय. जे. गुड या तरुण गणितज्ञाने त्यांना हरवले. अठ्ठावन्न वर्षांचा नामवंत प्राध्यापक मैत्रीच्या सामन्यात एका तरुणाकडून हरायला बसतो, हे चित्र पालकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. रॉबिन्सन यांना १९४७ साली नोबेल मिळाले आणि १९५० ते १९५३ या काळात ते ब्रिटिश बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष होते.

युद्धकाळात कॉर्नफोर्थ यांनी पेनिसिलिनच्या रसायनावर काम केले. १९४६ पासून ते लंडनच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत होते, १९६२ पासून शेल कंपनीच्या मिल्स्टेड प्रयोगशाळेत आणि १९७५ पासून ससेक्स विद्यापीठात. मोठे काम कोलेस्टेरॉलवरचे. शरीर सत्तावीस कार्बनचा हा रेणू कसा रचते, हा प्रश्न होता. डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात बसत नाही, तसेच कित्येक रेणूंचे असते: अणू तेच, पण अवकाशातली मांडणी आरशातल्या प्रतिमेसारखी. या रचनेच्या वाटेवर चौदा ठिकाणी एन्झाइमपुढे दोन पर्याय येतात, जसे एकाच कार्बनवरच्या दोन सारख्या दिसणाऱ्या हायड्रोजनपैकी एक उचलायचा. दोनाचा चौदावा घात म्हणजे १६,३८४ वाटा. जॉर्ज पॉपयाक यांच्यासोबत कॉर्नफोर्थ यांनी हायड्रोजनच्या जागी त्याचे जड भाऊबंद, म्हणजे ड्युटेरियम आणि ट्रिटियम, बसवून प्रत्येक ठिकाणी एन्झाइम काय करते ते तपासले. शरीर त्या सगळ्या वाटांपैकी नेमकी एकच धरते, हे त्यातून ठरले. नोबेल या एन्झाइम-रसायनातल्या त्रिमितीय मांडणीच्या अभ्यासासाठी मिळाले. व्लादिमिर प्रेलोग त्यात वाटेकरी होते.

बुद्धिबळाने हे संशोधन घडवले, असा अर्थ काढणे मात्र सोयीचे आणि चुकीचे ठरेल. बारा पट डोक्यात धरणारी स्मरणशक्ती उपयोगी पडली असेलही, पण त्यांचे हात रोज काचेत आणि द्रावणात होते. मुलाला बुद्धिबळ चांगले येते म्हणून शास्त्र जमेल, असे धरून चालू नये. तो घरी काय जोडतो, काय मोडून पाहतो, ते पाहावे. बारावीच्या पुस्तकात प्रतिबिंब-रेणूंचा भाग येतो. तो पाठ करण्याऐवजी गोळ्या-काड्यांचे मॉडेल हातात फिरवून समजून घेणारा विद्यार्थी या वाटेवर टिकण्याची शक्यता अधिक. वेळेचा हिशेबही मोकळेपणाने मांडावा. ग्रँडमास्टर होण्यासाठी २५०० गुणांकन आणि तीन नॉर्म लागतात. ते गाठायला बहुतेक सगळी सुट्टी स्पर्धांत जाते, आणि प्रयोगशाळेतली अभिक्रियाही कोणासाठी थांबत नाही. रॉबिन्सन आणि कॉर्नफोर्थ यांनी पोट रसायनावर भरले आणि खेळ सोबत ठेवला.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला ही परंपरा दूरची नाही. रॉबिन्सन यांचे मँचेस्टरचे विद्यार्थी के. वेंकटरामन मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान विभागाचे, म्हणजे आजच्या आयसीटीचे, प्रमुख होते. नंतर ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. आज बारावीनंतर आयसर पुण्याच्या पाच वर्षांच्या बीएस-एमएससाठी आयसरची स्वतःची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. बीएस्सी करून जॅम परीक्षेतून आयआयटीत एमएस्सीला जाण्याचा रस्ताही मोकळा आहे, आणि गावातल्या कॉलेजातून सुरुवात करणाऱ्याला तोच अधिक सोयीचा पडतो.

ऐकू न येणाऱ्या किंवा अन्य दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी २०१६ च्या कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के असल्याचे प्रमाणपत्र लागते. ते दहावीच्या सुट्टीतच काढून ठेवावे. प्रवेशाच्या धावपळीत तपासणीची तारीख मिळणे कठीण असते.