बॅगट रस्त्यावरील घर

आयर्लंडच्या डब्लिन शहरात कॅथरिन मॅकॉले नावाची एक स्त्री राहत असे. तिने ज्या वृद्ध कॅलाहन दांपत्याची शुश्रूषा केली, त्यांची मोठी संपत्ती १८२२ साली तिला वारसाने मिळाली. तिने त्या धनातून बॅगट रस्त्यावरील सधन वस्तीत एक प्रशस्त घर बांधले आणि २४ सप्टेंबर १८२७ रोजी ते गरीब मुलींच्या शिक्षणासाठी व निराधार तरुणींच्या आश्रयासाठी खुले केले.

पुढे १८३१ साली तिने दयाव्रती भगिनींचा कॅथलिक संघ स्थापन केला. या भगिनी एकत्र राहत, एकत्र प्रार्थना करीत. स्वतःची अशी मालमत्ता कोणी ठेवीत नसे. मात्र मठाच्या भिंतीआड न राहता त्या पायी हिंडून गरिबांच्या घरी जात. १८३२ साली डब्लिनमध्ये पटकीची साथ पसरली, तेव्हा त्यांनी निर्भयपणे रुग्णसेवा केली. १८४१ साली अंतकाळीही कॅथरिनला चिंता होती ती शोकाकुल भगिनींना चांगला चहा मिळावा याची!

पुढे संघ वाढला. त्याने अनेक शाळा व रुग्णालये चालविली. परंतु याच संघाच्या आणि इतर संघांच्या वसतिशाळांत विसाव्या शतकात अनेक मुलांची उपेक्षा व छळ झाला, हे २००९ साली चौकशी आयोगाने उघड केले. संघाने जाहीर क्षमा मागितली.

दयेचे व्रत एकदा घेतले म्हणजे ते आपोआप टिकत नाही. ज्याची सेवा करावयाची, त्या दुर्बलाचे म्हणणे नित्य ऐकावे लागते. ते ऐकू येईनासे झाले, की सेवेचे घरही तुरुंग होते.