गाणे टिपायचे, आगगाडी नव्हे! – घरगुती ध्वनिमुद्रणासाठी मायक्रोफोनची निवड

कल्याणच्या पुढे आंबिवली स्थानकाजवळ मोहने हे गाव आहे. कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकल आणि नाशिककडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या याच लोहमार्गावरून धावतात. समजा, तुम्ही तेथे एका चाळीत राहता. तुम्हाला गाण्याची व गिटारची आवड आहे, आणि ध्वनिमुद्रणासाठी तुम्ही काही महिने पैसे साठवले आहेत. दुकानात मायक्रोफोनचे अनेक प्रकार मांडलेले आहेत. पैसे मात्र एकदाच खर्च करता येणार! अशा वेळी जाहिरातीपेक्षा भौतिकशास्त्राचा सल्ला घेतलेला बरा.

मायक्रोफोन काय करतो?

१९२५ पूर्वीच्या तबकड्यांसाठी गायक मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गात असत. आवाजाच्या ऊर्जेनेच सुई हले आणि मेणाच्या तबकडीवर खाच कोरली जाई. हळू आवाज त्यात हरवत असे. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आला व हे चित्र पालटले. मायक्रोफोन हवेच्या दाबातील चढउतारांचे विजेच्या चढउतारांत रूपांतर करतो. मग ती वीज हवी तेवढी वाढवता येते. हे रूपांतर करण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत.

डायनॅमिक मायक्रोफोन : यात पातळ पडद्याला बारीक तारेचे वेटोळे चिकटवलेले असते. पडदा हलला की वेटोळे चुंबकीय क्षेत्रात हलते आणि त्यात वीज निर्माण होते. फॅरडेने १८३१ मध्ये शोधलेले विद्युत्-चुंबकीय प्रवर्तन ते हेच. याला बाहेरून वीज पुरवावी लागत नाही. तो धक्के सोसतो व दमट हवाही सोसतो. पण एक पास्कल दाबाला तो जेमतेम दोन मिलिव्होल्ट देतो.

कंडेन्सर मायक्रोफोन : यात पडदा व त्यामागची स्थिर पट्टी मिळून एक धारित्र बनते. पडदा हलला की दोहोंतील अंतर बदलते, म्हणून धारिता बदलते. पडद्याला वेटोळ्याचे ओझे नसल्यामुळे तो तारेच्या छेडीसारखी झटपट कंपनेही नीट टिपतो. एक पास्कलला तो सहसा दहा-वीस मिलिव्होल्ट देतो. मात्र त्याला बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. पावसाळ्यात तो घट्ट झाकणाच्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा.

१९६२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेस्लर व जेम्स वेस्ट यांनी कायमचा विद्युत्भार धरून ठेवणारा पडदा वापरून ‘इलेक्ट्रेट’ मायक्रोफोन बनवला. त्यामुळे कंडेन्सर जातीचे मायक्रोफोन स्वस्त झाले. शर्टाला लावायचा छोटा मायक्रोफोन सहसा याच जातीचा असतो.

एक गैरसमज

“डायनॅमिक मायक्रोफोन बाहेरचा गोंगाट घेत नाही,” असे पुष्कळजण सांगतात. जरा विचार करा. मायक्रोफोनला गाणे कोणते आणि गाडी कोणती हे कसे कळणार? तो कमी संवेदी असेल, तर दोन्ही सारखेच कमी टिपील. पुढे आवाज वाढवला की दोन्ही सारखेच वाढतील! खरा फरक पाडतात ते अंतर आणि दिशा. डायनॅमिक मायक्रोफोन तोंडाशी धरून वापरतात, म्हणून त्याला हे श्रेय मिळते.

उघड्यावर अंतर निम्मे केले की ध्वनीचा दाब दुप्पट होतो, म्हणजे ६ डेसिबेलने वाढतो. तोंडापासून ६० सेंटिमीटरवरचा मायक्रोफोन १५ सेंटिमीटरवर आणला, तर गाण्याचा दाब चौपट, म्हणजे १२ डेसिबेल वाढेल. दूरच्या गाडीचा आवाज मात्र होता तेवढाच राहील. या सुधारणेला एक पैसाही पडत नाही.

आता दिशा. ‘कार्डिऑइड’ मायक्रोफोन समोरचे जास्त व पाठीमागचे फार कमी ऐकतो. सर्व बाजूंनी सारख्या येणाऱ्या गोंगाटाची ऊर्जा तो सर्वदिश मायक्रोफोनच्या सुमारे एक-तृतीयांशच घेतो. म्हणून त्याची पाठ खिडकीकडे करा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा : असा मायक्रोफोन फार जवळ आणला की खर्ज फुगतो.

मग घ्यावा कोणता?

गणेशोत्सवाच्या मंचावरही वापरायचा असेल, तर कार्डिऑइड डायनॅमिक घ्या. घरातच गाणे व गिटार दोन्ही टिपायचे असेल, तर साधा कार्डिऑइड कंडेन्सर अधिक उपयोगी, कारण गिटारचा आवाज मुळातच नाजूक असतो. संगणकाखेरीज दुसरे साधन नसेल तर यूएसबी जोडणीचा घ्या. नाहीतर मायक्रोफोन व संगणक यांना जोडणाऱ्या ऑडिओ इंटरफेसचा खर्च आधी हिशेबात धरा.

गाताना १०-१५ सेंटिमीटर अंतर ठेवा. ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना येणारा हवेचा झोत अडवण्यासाठी भरतकामाच्या रिंगवर पातळ कापड ताणून मध्ये धरा. गिटारसाठी २०-३० सेंटिमीटरवरून बाराव्या पट्टीकडे रोख ठेवा. भोकासमोर धरल्यास पोकळीतील हवेचा घुमारा जास्त येतो. भिंतींवर गोधड्या टांगल्या की खोलीतील प्रतिध्वनी कमी होतात. आणि गाण्याची वेळ दोन गाड्यांच्या मध्ये ठरवा!

करून पाहा

खरेदीपूर्वी मोबाइलवर एकच ओळ १५, ३० व ६० सेंटिमीटर अंतरांवरून गाऊन ध्वनिमुद्रित करा. मागे पंखा चालू ठेवा. ऐकताना तिन्ही वेळा गाण्याचा आवाज सारखा वाटेल असा लावा. पंखा कोणत्या वेळी सर्वांत मोठा ऐकू येतो?

विचार करा

१. मायक्रोफोन ८० सेंटिमीटरवरून १० सेंटिमीटरवर आणला, तर ध्वनीचा दाब किती डेसिबेलने वाढेल?
२. बंद खोलीत प्रत्यक्ष वाढ याहून कमी का भरते?