भाजीच्या वाटचालीचा ओघतक्ता : संगणक प्रणाली कशी निवडावी?

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड, शहापूर व कल्याण तालुक्यांत भाताच्या काढणीनंतर, जेथे ओलिताची सोय आहे तेथे, भेंडी, काकडी, वांगी यांसारखी भाजीपाल्याची पिके घेतली जातात. कल्याण-डोंबिवली व ठाणे ही मोठी गिऱ्हाइके जवळच आहेत. मुरबाडपासून कल्याण अवघे ३० कि.मी.च्या आसपास. तरीही शेतात हिरवीगार असलेली भेंडी बाजारात मलूल होऊन पोचते आणि पट्टी हातात पडल्यावर निराशा होते. नुकसान नेमके कोठे झाले हे मात्र कोणालाच सांगता येत नाही, कारण तोडणी एकाकडे, भराई दुसऱ्याकडे आणि टेम्पो तिसऱ्याकडे असतो. हे सर्व एका कागदावर आणण्याचे साधन म्हणजे ओघतक्ता होय.

ओघतक्ता म्हणजे काय?

कामाच्या पायऱ्या चिन्हांनी मांडण्याची पद्धत फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन दाम्पत्याने १९२१ साली अभियंत्यांपुढे ठेवली. पुढे १९४७ साली पाच चिन्हे प्रमाणित झाली : प्रत्यक्ष कामासाठी वर्तुळ, वाहतुकीसाठी बाण, तपासणीसाठी चौकोन, साठवणीसाठी उलटा त्रिकोण आणि नुसते थांबण्यासाठी इंग्रजी 'डी' अक्षराचा आकार. संगणकाच्या तक्त्यांत निर्णयासाठी शंकरपाळ्याचा आकारही वापरतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने यातील 'थांबणे' हे चिन्ह सर्वांत मोलाचे आहे, कारण त्या वेळेची नोंद कोणत्याच वहीत नसते.

उदाहरण पाहू

समजा, एका गटाची भेंडी तोडणी दुपारी ४ ते ६ चालते. प्रतवारी व भराई ७.३० ला संपते. टेम्पो रात्री ११ ला येतो आणि साडेबाराला कल्याणला पोचतो. आता 'टेम्पोची वाट' हे घर तक्त्यात घातले की साडेतीन तास डोळ्यांत भरतात. भेंडीचा श्वसनाचा वेग फार जास्त असतो. गच्च भरलेल्या पोत्यात ती स्वतःच्याच उष्णतेने तापते. यावर उपायही तक्त्यातूनच सुचतो : टेम्पो लवकर ठरवावा; ते जमत नसेल तर माल हवेशीर क्रेटमध्ये, सावलीच्या व वाऱ्याच्या जागी ठेवावा. भेंडी ओली असताना भरू नये, डाग पडतात. शीतगृहाची सोय असल्यास ७ ते १० अंश सेल्सिअस तापमान योग्य असते. त्याखाली भेंडीला थंडीची इजा होते.

निर्णयाचे घरही महत्त्वाचे आहे. महाराष्ट्रात २०१६ साली बाजार आवाराबाहेरील फळे व भाजीपाल्याची विक्री नियमनमुक्त झाली. त्यामुळे 'माल बाजार समितीत न्यावा की डोंबिवलीच्या सोसायट्यांत थेट विकावा?' हा प्रश्न तक्त्यात मांडून दोन्ही वाटांचे भाडे, हमाली, आडत आणि घरच्या माणसांचा वेळ समोरासमोर लिहावा.

प्रणाली निवडताना काय पाहावे?

१) मराठी अक्षरे : प्रणालीत युनिकोड मराठी नीट उमटले पाहिजे. जुन्या ठशांत टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हे होऊन दिसतो. 'प्रतवारी', 'आडत्या' असे जोडाक्षरांचे शब्द लिहून आधी खात्री करावी.

२) चिकटणाऱ्या रेघा : एक घर सरकविल्यावर त्याला जोडलेला बाण आपोआप सोबत सरकला पाहिजे. नसल्यास प्रत्येक दुरुस्तीला तक्ता नव्याने काढावा लागतो.

३) इंटरनेटविना काम : वीज व नेटवर्क बेभरवशाचे असते. म्हणून संगणकावरच चालणारी प्रणाली घ्यावी.

४) उभे रकाने : शेतकरी, गट, टेम्पोवाला, आडत्या असे रकाने पाडता आले म्हणजे जबाबदारी कोणाची हे स्पष्ट होते.

५) खर्च व देवाणघेवाण : तक्ता पीडीएफ किंवा चित्र म्हणून काढता यावा आणि मूळ फाइल आपल्याकडेच राहावी.

उपलब्ध पर्याय

'लिबरऑफिस ड्रॉ' ही प्रणाली मोफत असून इंटरनेटविना चालते. पत्रके व हिशेबासाठी लिबरऑफिस आधीच वापरणाऱ्या गटाला ती सोयीची पडते. 'ड्रॉ.आयओ' हीदेखील मोफत आहे. खाते न उघडता वापरता येते, संगणकावर उतरवून घेता येते आणि रकान्यांचे तयार आकार तीत आहेत. केवळ ओघतक्ते काढायचे असल्यास प्रथम हीच वापरून पाहावी. 'मायक्रोसॉफ्ट व्हिजिओ' सामर्थ्यवान आहे, परंतु विकत घ्यावी लागते. एखाद्या गटाच्या दहा-वीस घरांच्या तक्त्यासाठी तो खर्च करण्याचे कारण नाही. 'लुसिडचार्ट' इंटरनेटवर चालते व अनेकांना एकत्र काम करता येते. मात्र मोफत योजनेत तक्त्यांच्या संख्येवर मर्यादा आहे.

आधी कागद, मग संगणक

येथे प्रस्तुत लेखक स्वतःची चूक सांगतो. एका गटाच्या बैठकीस मी संगणकावर सुबक तक्ता काढूनच गेलो. सर्वांनी माना डोलावल्या. शेवटी तोडणीला जाणाऱ्या एका ताईंनी विचारले, "सर, आम्ही टोपल्या डोक्यावर घेऊन बांधावरून सडकेपर्यंत चार-चार खेपा घालतो, ते कुठं आहे यात?" ते घर माझ्या तक्त्यात नव्हतेच. मी तो तक्ता बाजूला ठेवला आणि जमिनीवर खडूने नवा काढला.

तेव्हा शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, प्रथम मालाबरोबर शेतापासून बाजारापर्यंत घड्याळ घेऊन चालावे. तोडणाऱ्या, भरणाऱ्या व वाहून नेणाऱ्या प्रत्येकास बोलावून कागदावर घरे मांडावीत. तो तक्ता सर्वांना पटल्यावरच संगणकावर घ्यावा, छापून भराईच्या जागी लावावा आणि दर हंगामात तपासावा. प्रणालीने तक्ता नीटनेटका होईल; पण त्यात एखादे घर राहून गेले असेल, तर ते काम करणारा माणूसच दाखवू शकतो.