मॉन्ट्रियलला निघताय? फ्रेंच सगळ्या घरानं शिका

मॉन्ट्रियलमध्ये इंग्रजीवर भागतं, असं पुण्या-मुंबईत सांगितलं जातं आणि ते खोटं नाही. दुकानात शिरलं की ‘बाँझूर, हाय’ असं दुहेरी स्वागत होतं. गिऱ्हाईक ज्या भाषेत उत्तर देईल त्या भाषेत पुढचं बोलणं चालतं. मॅक्गिल आणि कॉन्कॉर्डिया ही विद्यापीठं इंग्रजी माध्यमाची आहेत, सॉफ्टवेअरमधल्या कित्येक टीमही इंग्रजीतच बोलतात. तरीही इथे रुळलेल्या मराठी कुटुंबांना नवागतांसाठी पहिली सूचना विचारली, तर बर्फाच्या बुटांच्याही आधी फ्रेंचचं नाव निघतं.

मुलांच्या बाबतीत तर निवडीचा प्रश्नच फारसा उरत नाही. क्यूबेक प्रांताच्या 1977 च्या फ्रेंच भाषा सनदेनुसार, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘कायदा 101’ नुसार, स्थलांतरितांच्या मुलांना सरकारी आणि अनुदानित शाळेत फ्रेंच माध्यमातूनच शिकावं लागतं. आई किंवा वडिलांचं बहुतेक प्राथमिक शिक्षण कॅनडातच इंग्रजीतून झालं असेल तर सूट मिळते. नाशिक-पुण्याच्या इंग्रजी शाळेचा दाखला त्यासाठी चालत नाही. तात्पुरत्या परवान्यावर आलेल्यांच्या मुलांना इंग्रजी शाळेची मुभा मिळू शकते, पण 2022 च्या ‘कायदा 96’ नं तिला तीन वर्षांची मर्यादा घातली आहे. त्यामुळे मुदत संपल्यावर मधल्याच इयत्तेत माध्यम बदलण्यापेक्षा सुरुवातीलाच फ्रेंच शाळा बरी, असं बहुतेक घरं सांगतात. नव्या मुलांसाठी शाळांत खास स्वागतवर्ग असतात. तिथे आधी भाषा शिकवतात, मग मूल हळूहळू नेहमीच्या वर्गात जातं.

मुलं शिकतात, खरी काळजी आईबाबांची. शाळेच्या सूचना, गृहपाठ, पालकसभा सगळं फ्रेंचमध्ये. सरकारी कार्यालयंही नवागतांशी पहिल्या सहा महिन्यांनंतर फ्रेंचमध्येच व्यवहार करतात. आरोग्य आणि सार्वजनिक सुरक्षा यांसारख्या बाबींचा अपवाद. अशा वेळी आठ-नऊ वर्षांचं मूल घरचं दुभाषी होऊन बसतं. शिक्षिका त्याच्याबद्दल जे सांगते ते त्यानंच आईला समजावून सांगायचं, घरमालकाशी त्यानंच बोलायचं. हे ओझं मुलांवर टाकू नका, असं जुनी मंडळी फार कळकळीनं सांगतात.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते जोडीदाराचं. ज्याच्या नोकरीमुळे कुटुंब आलं त्याचं ऑफिस इंग्रजीत चालतं. मागून आलेली बायको, किंवा नवरा, कामाला बाहेर पडते तेव्हा बँकेचं काउंटर, पाळणाघर, दवाखान्याचा स्वागतकक्ष, सगळीकडे पहिली अट फ्रेंचची. परिचारिका, औषधनिर्माते, अभियंते यांना तर परवाना देणारी व्यावसायिक मंडळं कामापुरत्या फ्रेंचचा पुरावा मागतात. भारतात दहा वर्षं नोकरी केलेली बाई केवळ भाषेपायी घरी बसते, हे टाळता येण्यासारखं आहे. 1 जून 2023 पासून ‘फ्राँसिझास्याँ क्यूबेक’ ही एकच सरकारी खिडकी प्रौढांच्या मोफत वर्गांची व्यवस्था पाहते. पूर्णवेळ, अर्धवेळ, ऑनलाइन असे वर्ग आहेत आणि पूर्णवेळ शिकणाऱ्यांना अटींनुसार आर्थिक मदतही मिळू शकते. जागा लवकर भरतात, म्हणून घराचा पत्ता पक्का झाला की लगेच अर्ज करावा.

मराठी माणसाला ही भाषा वाटते तितकी परकी नाही. ‘चांगला-चांगली’ करत वाढलेल्याला लिंगानुसार बदलणारं विशेषण नवं नसतं. दोन लिंगं म्हणजे मराठीपेक्षा एक कमीच. ‘त्यू’ आणि ‘व्हू’ हा भेद ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखाच. ऐंशीला ‘चार विसा’ म्हणायची रीत आपल्या आजी-पणजीची होती, फ्रेंचमध्ये ती आजही चालू आहे. उच्चारातही इंग्रजीतला ट-ड सोडून आपला त-द आणायचा. क्यूबेकमध्ये तर काही स्वरांआधी तो त-द आणखी घासला जाऊन ‘चमचा’तल्या च आणि ‘जहाज’मधल्या ज सारखा ऐकू येतो. मराठी जिभेला तो सहज जमतो.

कान मात्र वेळ घेतो. पुण्यात शिकलेली फ्रेंच पॅरिसच्या वळणाची असते. इथल्या बोलीची लय वेगळी आणि शब्दही वेगळे. ‘देज्युने’ म्हणजे पॅरिसला दुपारचं जेवण, इथे सकाळची न्याहारी. मुलांबरोबर तेले-क्यूबेकचे कार्यक्रम पाहणं हा अनेक घरांनी करून पाहिलेला उपाय आहे. मात्र त्या नादात घरातली मराठी सोडू नये. शाळेत फ्रेंच आणि खेळताना इंग्रजी मुलांना मिळतेच. मराठी फक्त आईबाबांकडूनच मिळणार.

सुरुवात महाराष्ट्रातच करता आली तर उत्तम. पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट, पुणे आणि मुंबईचं आलियाँस फ्राँसेज इथे पाया पक्का होतो. फ्रेंच सरकारची ‘देल्फ’ परीक्षा दिली तर ते प्रमाणपत्र कायमचं राहतं. क्यूबेकच्या कुशल कामगारांच्या निवडीत भाषेची बारा पातळ्यांची मोजपट्टी वापरतात आणि त्यात जोडीदाराची फ्रेंचही मोजली जाते. पुढेमागे टोरंटो किंवा कॅल्गरीला जायचं ठरलं तरी हे शिकलेलं कामी येतं: कॅनडाच्या केंद्र सरकारच्या ‘एक्स्प्रेस एंट्री’ या स्थलांतरितांच्या निवडपद्धतीत फ्रेंचच्या चारही कौशल्यांत सातवी पातळी आणि जोडीला बरी इंग्रजी असेल, तर 50 गुण जादा मिळतात. तिथे मात्र ‘देल्फ’ धरत नाहीत. ‘तेफ कॅनडा’ किंवा ‘तेसेएफ कॅनडा’ द्यावी लागते. तिचा निकाल दोनच वर्षं ग्राह्य असतो, तेव्हा अर्जाची वेळ जवळ आल्यावरच परीक्षेची तारीख घ्यावी.