हिवाळ्यात परसातले तळे



दिवाळी सरली, घोंगड्या बाहेर निघाल्या. आपल्या निफाड तालुक्यात थंडी कशी पडते हे तुम्हांला सांगायला नको. काही वर्षी पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. मग द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात, गोठ्यात वासरांच्या पाठीवर गोणपाट पडते. पण तळ्यातल्या माशांचे काय? त्यांना ना घोंगडी, ना शेकोटी!

तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी शेततळे नाहीतर परसात तळे आहे. त्यात रोहू, कटला, मृगळ सोडलेले असतात. माझ्याही परसात दोन गुंठ्यांचे तळे आहे. म्हणून आजचा हा पाठ.

थंडीने मासे मरतात का?

काश्मीरच्या दल सरोवरावर कडक हिवाळ्यात बर्फाचा थर जमतो, तरी खाली मासे जिवंत राहतात. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, म्हणून ते तळाशी जाते. त्याहून गार पाणी आणि बर्फ वर राहतो. आपले तळे तर गोठतही नाही. मग मासे दगावतात कशाने? पुष्कळदा आपल्या मायेने!

मासा हा शीतरक्ताचा प्राणी. पाणी गार तर त्याचे अंगही गार. रोहू-कटला २५ ते ३० अंशांच्या पाण्यात भरपूर खातात. पाणी २० अंशांखाली गेले की त्यांचे पचन मंदावते नि ते तळाशी गप्प राहतात. आपल्याला वाटते, 'बिचारे उपाशी आहेत', आणि आपण आणखी पेंड टाकतो. ती कोणी खात नाही. तळाशी कुजते. कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते आणि अमोनिया तयार करते.

खरे तर गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो. ३० अंशांना लिटरमागे सुमारे साडेसात मिलिग्रॅम, तर २० अंशांना सुमारे ९ मिलिग्रॅम. म्हणजे निसर्ग माशांना मदतच करतो, बरं का! पण पाण्यातल्या वनस्पती प्राणवायू देतात तो फक्त दिवसा. रात्री त्याही श्वासासाठी तो घेतात. हिवाळ्याची रात्र मोठी, आणि तळाशी पेंड कुजत असली तर पहाटे प्राणवायू अगदी कमी होतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर समजा, त्यांचा जीव घुसमटतोय. गेल्या पौषात एका तळ्यात सकाळी चाळीसेक मासे उलटे तरंगताना मी पाहिले. त्या घरची वर्षाची मेहनत एका रात्रीत गेली.

आपण काय करावे?

१. खाद्य निम्मे करा. हिशेब असा : पाव किलोचे १०० मासे म्हणजे २५ किलो वजन. एरवी शेकडा २ प्रमाणे रोज ५०० ग्रॅम पेंड व कोंडा लागतो. थंडीत शेकडा १ प्रमाणे २५० ग्रॅम पुरे. दुपारी उन्हात, टोपलीत ठेवून द्या. दोन तासांनी टोपली वर काढा. खाद्य उरले असेल तर उद्या आणखी कमी. कडाक्याच्या थंडीत एक-दोन दिवस काहीच दिले नाही तरी मासे मरत नाहीत.

२. पाने काढा. झाडांची पाने तळ्यात पडून कुजतात. बांबूला जुनी जाळी बांधून ती रोज काढावीत. जास्त झालेले शेवाळही काढावे.

३. पाणी खोल ठेवा. निदान पाच-सहा फूट हवे. उथळ पाणी रात्रीत गार पडते, खोल पाणी सावकाश. विहिरीचे पाणी पहाटे कोमट लागते, नाही का? जमिनीच्या आत ऊब टिकते म्हणून. ते पाणी तळ्यात सोडावे, पण उंचावरून, फवारा उडेल असे. विहिरीच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. थेंब उडाले की हवा मिसळते.

४. चुना विचारून घाला. थंडीत माशांच्या अंगावर लाल चट्टे पडून जखमा होण्याचा रोग येतो. भारतात तो १९८८ साली पहिल्यांदा आढळला. त्यावर चुना उपयोगी पडतो. गुंठ्याला सुमारे २ किलो, भिजवून पूर्ण थंड केलेला. पण आपल्या काळ्या मातीतले पाणी बहुधा आधीच अल्कधर्मी असते. म्हणून पाणी तपासून, मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांना विचारून मगच घालावा. हे काम मोठ्यांचे. कळीच्या चुन्याने हात भाजतात, डोळे जातात!

करून पहा

वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन तळ्याच्या पाण्याचे तापमान सकाळी ७ व दुपारी २ वाजता मोजा. एकट्याने काठावर जायचे नाही. आठ दिवसांच्या नोंदी वहीत लिहा. शेजारी लिहा : खाद्य किती दिले, किती उरले. पारा खाली जातो तेव्हा टोपलीत काय होते?

ती वही घरी आजोबांना, वडिलांना वाचून दाखवा. 'मासे उपाशी मरतील' असे कोणी म्हणाले, तर उरलेली टोपली दाखवा.

– वर्गशिक्षक, इयत्ता सातवी